सीट मागे जाईना

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. न लिहिण्याचं कारण जरा वेगळं होतं. जे लिहायचं ते लिहायची लाज वाटत होती आणि ते सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. आज सांगून टाकतो. नातेवाइकांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटाकडे त्यांच्या कामाची एक गोष्ट आहे.

सुरुवात झाली आमच्या गाडीच्या सीटपासून.

गाडी तशी आमची नाही, मुलाची. २०२१ मध्ये तो नोकरीसाठी कॅनडाला गेला तेव्हा म्हणाला, "बाबा, विकून असे किती येणार? तुम्हीच वापरा." मास्तराच्या ऐपतीबाहेरची गाडी. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात आणि ड्रायव्हरची सीट विजेवर चालते. सीटच्या उजव्या अंगाला, दाराकडे, दोन बटणं आहेत. आडवं बटण पुढे ढकललं की सीट पुढे, मागे ओढलं की मागे, वर उचललं की वर. उभं बटण पाठ टेकायला. हात लावायचा अवकाश, ऊं... असा आवाज करत सीट निघते.

याआधी माझ्याकडे मारुती ८०० होती. २००७ साली निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या पैशांतून सेकंडहँड घेतली होती. तिच्या सीटखाली लोखंडी दांडी. ती उचलायची, पायाने रेटा द्यायचा आणि खट् आवाज आला की समजायचं, बसली. बारा वर्षांत त्या दांडीने एकदाही त्रास दिला नाही. असो.

माझी उंची पाच फूट अकरा इंच. सौ. पाच फुटाला एक इंच कमी. (आमच्या लग्नाच्या फोटोत ती पाटावर उभी आहे हे जवळच्यांना ठाऊक आहे.) मुलीने आईची उंची घेतली. २०२५ च्या मे महिन्यात मुलगी नातवंडांना घेऊन आठ दिवस आली होती. ती आली की गाडी तिच्याकडे असते. जायच्या आदल्या संध्याकाळी ती पोरांना भेळ खायला राजवाड्यावर घेऊन गेली आणि परत येऊन गाडी लावली. दुसऱ्या दिवशी जावई येऊन सगळ्यांना पुण्याला घेऊन गेले.

दोन दिवसांनी मी गाडी काढायला गेलो. दार उघडलं तर सीट मुलीच्या मापाची. आत बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. बाहेर उभं राहून वाकून बटण मागे ओढलं. काही नाही. परत ओढलं. काही नाही. ऊं नाही की चूं नाही. वर-खाली होते, पाठही टेकते. पुढे? पुढे ढकलून पाहिलं, तर सीट झोकात पुढे गेली! मला वाटलं, जरा हलली की सुटेल. आणखी पुढे ढकलली. मग मागे ओढलं. नाही. आणखी एकदा पुढे. असं करता करता सीट पार पुढच्या टोकाला जाऊन बसली. आता त्या जागेत मी तर सोडाच, आमचा दहा वर्षांचा नातूही कसाबसा मावला असता.

चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, उत्तर चुकतंय असं दिसलं तर तीच पायरी पुन्हा पुन्हा करू नका. तेच मी केलं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांचा मुलगा घरी येऊन बघून गेला. मुलगा नम्र होता. म्हणाला, "काका, मोटर असेल नाहीतर स्विच असेल, नाहीतर खालची वायर. सीट खोलून बघायला लागेल." मग खोल म्हटलं. तो खाली वाकला आणि डोकं खाजवू लागला. सीट गाडीच्या तळाला चार बोल्टांनी बसवलेली असते, दोन पुढे, दोन मागे. पुढचे दोन खोलायचे तर सीट मागे न्यावी लागते. आणि सीट मागे जात नाही म्हणून तर ती खोलायची! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. शेवटी ठरलं असं की पूर्ण स्विच पॅनेल आणि मोटर मागवायची. सामान यायला तीन आठवडे लागतील. खर्चाचा आकडा त्याने कागदावर लिहून दाखवला. एवढ्या पैशांत माझी मारुती ८०० येऊन वर एक सायकल आली असती.

तीन आठवडे गाडी बंद. खरं सांगायचं तर मला हे ऐकून बरंच वाटलं. का, ते पुढे सांगतो.

दर गुरुवारी आम्ही वाईला अक्काकडे जातो. अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, म्हणजे चौऱ्याऐंशी. घरी बाई आहे कामाला, पण गुरुवारी आम्ही गेलो की तिला बरं वाटतं. साताऱ्याहून वाई पस्तीसेक किलोमीटर. मी म्हटलं, "या गुरुवारी एसटीने जाऊ."

सौ. म्हणाली, "अक्कांना गुरुवारी डॉक्टरकडे न्यायचंय. त्यांना रिक्षात चढवता येत नाही. गाडी लागेल."

"गाडी कशी नेणार? मला बसता येत नाही."

"मला येतं की."

मी हसलो. ती हसली नाही. आत गेली, कपाटातली तिची पर्स काढली आणि वाहन परवाना माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

इथे थोडं मागे जायला हवं. २००७ मध्ये मारुती घेतली तेव्हा आम्ही दोघांनीही परवाना काढला. ती त्रेपन्न वर्षांची होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी तिला माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं होतं, हे मी तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही. नंतर दीडेक वर्ष ती गाडी चालवायची आणि मी शेजारी बसायचो. बसायचो म्हणजे शिकवायचो. "क्लच अर्धा नको." "इंडिकेटर." "आरशात बघ." "आता का थांबलीस?" एक दिवस भर पोवई नाक्यावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गोंधळ आणि शेजारून माझा. तिने शांतपणे गाडी सुरू केली, घरी आणली, लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "मला रोज परीक्षेला बसायचं नाही." त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही. उलट सगळ्यांना सांगत आलो की हिला ड्रायव्हिंगची आवडच नाही.

तेव्हाच्या नियमाने पन्नाशीनंतर परवाना काढला की तो पाच वर्षांचाच मिळायचा, दर वेळी डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून नूतनीकरण करावं लागायचं. हातातला परवाना २०२७ पर्यंत वैध होता. म्हणजे २०१२, २०१७ आणि २०२२, तिन्ही वेळा तिने तो मुदतीत करून घेतला होता. शेजारच्या वहिनींबरोबर आरटीओत जाऊन. मला पत्ता नाही.

"कशासाठी पण?" मी विचारलं.

"असावा म्हणून," ती म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी तिने सोसायटीच्या आवारात गाडी पुढे-मागे करून पाहिली. क्लच नसल्यामुळे तिला सोपं गेलं. सीट तिच्यासाठीही जरा जास्तच पुढे होती (माझी कृपा). छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं, कारण अपघातात एअरबॅग फुगते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत आणि मोठ्या जोराने. अगदी चिकटून बसलेल्या माणसाला तिचाच मार बसतो. हे मुलाने फोनवर सांगितलं. मग तिने पाठीचं बटण दाबून पाठ थोडी मागे कलती केली, मी शाळेची जुनी फूटपट्टी आणली, आणि सव्वीस सेंटिमीटर भरल्यावर आम्हा दोघांचं समाधान झालं.

गुरुवारी सकाळी आठला निघालो. मी डाव्या सीटवर. आदल्या रात्री मनाशी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत मी एकही शब्द बोललो नाही. माझा उजवा पाय मात्र सारखा ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नाही तिथे. तिने ते पाहिलं असणार. काही बोलली नाही.

पाचवडला महामार्ग सोडून वाईकडे वळायचं. वळणाच्या अलीकडे तिने वेग एकदम कमी केला. का, ते मला कळेना. विचारणार इतक्यात गाडीच्या नाकासमोरून एक ट्रॅक्टर, मागे रिकामी ट्रॉली, आडवा गेला.

तो डावीकडून आला होता. माझ्या बाजूने. डाव्या खिडकीशी मी बसलो होतो, आणि तो पार समोर येईपर्यंत मला दिसला नव्हता. पलीकडे बसलेल्या तिला केव्हाच दिसला होता.

ती म्हणाली, "काय धूळ उडवली मेल्याने." आणि पुढे निघाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आता ते सांगतो, जे सांगायला दोन महिने लागले.

एप्रिलमध्ये मी एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून. माझे दोन्ही मोतीबिंदू २०१८ मध्येच काढलेत, तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की मला विशीतले डोळे मिळाले. तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. डॉक्टरबाई खूश होतील असं वाटलं. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजला, आत उजेड टाकून मागची नस पाहिली आणि मला दुसऱ्या खोलीत पाठवलं.

तिथे एक मोठ्या वाडग्यासारखं पांढरं यंत्र होतं. त्यात तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकायचा, उघड्या डोळ्याने मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत होतो. मध्ये मध्ये बराच वेळ काहीच चमकत नव्हतं. मला वाटलं, यंत्र विश्रांती घेतंय. आवाज मात्र चालू होता, टिक, टिक. नंतर डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. जिथे मला उजेड दिसला नव्हता तिथे काळे डाग. दोन्ही डोळ्यांत, कडेला. यंत्र विश्रांती घेत नव्हतं.

काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब मागच्या नसेला हळूहळू मारत जातो. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शाबूत राहते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि आपल्याला सगळं दिसतं असं समजतो. कडेला जे दिसत नाही तिथे काळोखही दिसत नाही. मेंदू आपल्या मनाने रिकामी जागा भरून काढतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून आहे ती सांभाळायची.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गाडी चालवता का?"

मी म्हणालो, "क्वचित."

त्या म्हणाल्या, "रात्री अजिबात नको. आणि दिवसाही बंद केलीत तर मला बरं वाटेल."

थेंबांची बाटली मी घरी आणली. सौ.ने विचारलं तर म्हणालो, डोळे कोरडे पडतात, त्यावर आहे. आणि पुढच्याच गुरुवारी गाडी चालवत वाईला गेलो. त्याच्या पुढच्याही. दर वेळी सुखरूप परत आलो की मनात म्हणायचो, बघा, काही होत नाही. राजकारणातल्या म्हाताऱ्यांना मी वर्गात आणि वर्गाबाहेर किती नावं ठेवली, की यांना खुर्ची सोडवत नाही म्हणून!

सीट अडली तेव्हा बरं वाटलं ते यासाठी. गाडी न चालवायला एक कारण मिळालं, आणि ते कारण मी नव्हतो.

वाईहून परत आलो त्या संध्याकाळी एक जुना विद्यार्थी भेटला. १९८८ च्या दहावीच्या तुकडीतला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, आता स्वतःचं गॅरेज आहे. दहावीला इतिहासात त्याला मीच पस्तीसवर आणून सोडला होता. सीटची कथा ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला.

"सर, पुढे जात होती ना? मग मोटर कशाला बदलायची?"

मी गप्प.

"पुढे न्यायला एक आणि मागे न्यायला एक, अशा दोन मोटरी नसतात सर. एकच असते. तिला एका बाजूने करंट दिला की एकीकडे फिरते, उलटा दिला की दुसरीकडे. ती प्लस-मायनसची अदलाबदल स्विच करतो. पुढे गेली म्हणजे फ्यूज चांगला, मोटर चांगली, गिअर चांगला. स्विचमधला मागचा पॉइंट तेवढा मेलाय."

इतकं स्वच्छ उत्तर त्याने दहावीला एकदाही लिहिलं नव्हतं. किंवा लिहिलं असेल आणि मी तारीख चुकली म्हणून गुण कापले असतील.

शनिवारी तो घरी आला. आधी त्याने बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवली आणि पाच-सात मिनिटं नुसता थांबला. चहा घेतला. मी म्हटलं, सुरू कर. म्हणाला, सीटमध्ये बाजूची एअरबॅग आहे, तिच्यात उरलेला करंट उतरू द्यायचा. सीटखालून पिवळ्या वेष्टनातली वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही, हेही त्याने सांगितलं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. हौसेने सीटखाली हात घालणारे आपल्यात बरेच आहेत.

मग त्याने मागच्या सीटवर पालथं पडून टॉर्चच्या उजेडात सीटखाली पाहिलं. रूळांमध्ये काही अडकलं आहे का ते. नातवाचा एक क्रेयॉन, दोन रुपयांचं नाणं आणि शेंगदाण्याची टरफलं निघाली, पण अडलेलं काही नव्हतं. नंतर मोटरचा जोड सोडवून त्याला बरोबर आणलेल्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. ऊं... आणि सीट चालू लागली. मागे! बॉनेटवर हात ठेवून उभा असलेला मी चक्क टाळी वाजवली. तीन आठवड्यांची वाट आणि कागदावरचा तो आकडा, दोन वायरींनी खोटा ठरवला.

आता स्विच. सीटच्या कडेचं प्लॅस्टिकचं झाकण तीन स्क्रूंवर होतं. ते काढून त्याने बटणांची डबी बाहेर घेतली आणि बारीक पेचकसाने उघडली. आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सर, आत मुंग्या आहेत."

बारीक लाल मुंग्या. काही मेलेल्या, काही फिरत्या. तांब्याच्या एका पट्टीवर हिरवा थर आणि त्यावर तपकिरी, चिकट काहीतरी. त्याने बोटाला लावून वास घेतला. "गोड काहीतरी सांडलंय. बरेच दिवस झाले."

सौ. चहाचे कप न्यायला आली होती, ती शेजारीच उभी होती. म्हणाली, "अहो, तो उसाचा रस. पाचवडला त्या पोराने सांडला होता ना."

त्या पोराने सांडला नव्हता.

मार्च महिन्यातली गोष्ट. वाईहून येताना फाट्यावरच्या रसवंतीपाशी थांबलो होतो. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा माझ्या खिडकीशी दोन ग्लास घेऊन आला. मी सौ.शी बोलत होतो. तिच्याकडून मान वळवली आणि माझं कोपर ग्लासावर आदळलं. अर्धा रस दार आणि सीटच्या मधे गेला. ग्लास खिडकीच्या काठाशी, माझ्या उजव्या बाजूला होता आणि तो तिथे आहे हे मला दिसलंच नव्हतं. पण माझ्या मनात ते आलंच नाही. मी त्या पोराला रागावलो. "नीट धरता येत नाही का? लक्ष कुठे असतं?" अगदी वर्गातल्या आवाजात. पोरगं घाबरलं, फडकं घेऊन आलं, पुसू लागलं. मागून त्याच्या मालकानेही चार शब्द सुनावले. मी वर पैसे दिले त्याच ऐटीत.

एप्रिलमध्ये तो काळ्या डागांचा कागद पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो ग्लास. ट्रॅक्टर नंतरचा. ग्लास आधीचा.

मी म्हणालो, "त्याने नाही सांडला. मी सांडला. मला दिसला नाही."

विद्यार्थी मान खाली घालून पॉलिश पेपरने तांब्याची पट्टी घासू लागला. मुलं मोठी झाली की त्यांना केव्हा ऐकू येऊ नये हे कळतं.

सौ. म्हणाली, "दिसला नाही म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. तिथेच, गाडीच्या उघड्या दाराशी उभं राहून. यंत्र, डाग, थेंब, "क्वचित". ती ऐकत होती. रागावेल असं वाटलं होतं. कपातला उरलेला चहा तिने कुंडीत ओतला आणि म्हणाली, "थेंब कोरडेपणाचे नाहीत हे मला माहीत होतं. बाटलीवर लिहिलेलं असतं. चौकात विचारलं मी औषधवाल्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"आणि तरी माझ्या शेजारी बसून वाईला येत होतीस?"

"डावी बाजू मी बघत होते ना," ती म्हणाली. आणि कप घेऊन आत गेली.

तेव्हा मला आठवलं. त्या दोन-तीन गुरुवारी ती वाटेत फार बोलत होती. "तो बघा सायकलवाला." "त्या बाई रस्ता ओलांडतायत वाटतं." "म्हशी आल्या बघा." मला वाटायचं, वय झालं, हिची बडबड वाढली. एकदा तर मी म्हणालोही होतो, "अगं, मला दिसतंय."

स्विच साफ झाला. वर कसला तरी स्प्रे मारून त्याने डबी पुन्हा बंद केली. पैसे घेईना. मी बळजबरीने चारशे रुपये खिशात घातले तर म्हणाला, "सर, तुम्ही तेव्हा पस्तीस दिलेत ते आधी फेडू द्या." सर्व्हिस सेंटरला फोन करून सामान नको म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर मी गाडीत जाऊन बसलो. बटण मागे ओढलं. सीट ऊं करत मागे गेली, माझ्या मापाला येऊन थांबली. पाय ऐसपैस, आरसा माझ्या नजरेला. पाच-दहा मिनिटं तसाच बसलो असेन. गाडी सुरू केली नाही. मग आडवं बटण पुढे ढकललं, सीट तिच्या मापाला आणली, फूटपट्टीने सव्वीस सेंटिमीटर मोजले आणि उतरलो. माझ्या परवान्याची मुदत २०२६ ची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मी करणार नाही, हे त्या दिवशी ठरवलं. हे लिहिताना अजून घशाशी काहीतरी येतं, पण ठरलं ते ठरलं.

आता नातेवाइकांसाठी. आपल्या वडिलांना (काही जणांच्या आजोबांना) शेवटची काही वर्षं कसं दिसायचं ते आठवा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. पानात डावीकडे वाढलेली चटणी राहून जायची. आपण म्हणायचो, वय झालं. त्यांनाही हेच होतं का, ते आता सांगता येणार नाही. पण काचबिंदू घराण्यातून येतो. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना त्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळच जास्त असतो. माझी भावंडं, भाचे, पुतणे, जे कोणी चाळिशीच्या पुढे आहेत त्यांनी डोळ्यांचा दाब आणि मागची नस एकदा तपासून घ्यावी. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नये. तक्ता मीही घडाघडा वाचला होता. अक्काला आम्ही पुढच्याच गुरुवारी दाखवलं. तिचा दाब ठीक निघाला. "तुझ्यापेक्षा मला लांबचं दिसतं," हे ती तेव्हापासून येईल त्याला सांगते.

पाचवडची रसवंती आता बंद आहे. पावसाळा. चरकावर ताडपत्री बांधून ठेवली आहे. दर गुरुवारी जाता-येता मी तिकडे बघतो. उन्हाळ्यात उघडली की उतरायचं आहे. तो पोरगा तिथे असेल की नाही कोण जाणे. असला तरी त्याला आठवेल का, तेही सांगता येत नाही. मला आठवतं.

सौ. आता घाटातसुद्धा गाडी चालवते. मागच्या आठवड्यात पाचगणीला जाऊन आलो. मी शेजारी बसतो, उजवा पाय अजून मधून मधून ब्रेक दाबतो. बोलत मात्र नाही. ती बोलते. "ते बघा धबधबे किती सुरू झालेत." मी मान पूर्ण डावीकडे वळवून बघतो.

हो, एक सांगायचं राहिलं. या गाडीत वीज फक्त ड्रायव्हरच्या सीटला आहे. शेजारच्या सीटला नाही. तिला खाली लोखंडी दांडी आहे, मारुतीसारखी. उचलायची, पायाने रेटा द्यायचा, खट्. पाच फूट अकरा इंचांना पुरेल इतकी मागे जाते.